कबूल केलेली कोंबडी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दारुडा चालायचा, बायकोला मारणारा चालायचा, सख्ख्या भावाची जमीन गिळलेला माणूस तर पुढच्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्या आवाजात गायचा. चालली नाही ती एकटी माझी आत्या. तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. रागाला वय नसतं म्हणतात ते मला पटतं, कारण हे लिहायला बसले तेव्हाही हात गरम झाले होते.

सानगडीच्या बाजाराला आम्ही चालत जायचो एवढ्या अंतरावर आमचं गाव. गावाच्या शिवेवर पूर्वी मिशनचा दवाखाना होता. गोरे लोक गेले, दवाखाना बंद पडला आणि मागे राहिलं एक कौलारू प्रार्थनामंदिर, एक घंटा आणि आमची मोजकी घरं. बाकी गाव शेतकऱ्यांचं. धानाच्या बांध्या, पलीकडे बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि तळ्याच्या पाळीवर कडुलिंबाखाली शेंदूर फासलेले मातामायचे दगड. आमच्या घराचं मागचं दार नेमकं त्या दगडांच्या समोर उघडायचं. बाबांनी त्या दाराला आतून अडसर घातला होता आणि तो काढायचा नाही अशी ताकीद होती. सरपण आणायलासुद्धा आम्ही घराला वळसा घालून जायचो.

बाबांच्या बाजूनंही सांगायला हवं. आजोबा ख्रिस्ती झाले त्या साली त्यांनी मातामायच्या पूजेचा वाटा द्यायला नकार दिला. भावांनी घराबाहेर काढलं, बांधीतला हिस्सा गेला, विहिरीवरचं पाणी तुटलं. त्यातच त्यांच्या थोरल्या मुलाला माता, म्हणजे देवी आल्या. गावानं सांगून पाहिलं की दगडापुढे नारळ फोड, पोरगा उठेल. आजोबांनी फोडला नाही, आणि पोरगा गेला. ही गोष्ट आमच्या मंदिरात साक्ष म्हणून सांगितली जायची. केवढा विश्वास, असं म्हणून बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आजीला त्या वेळी कोणी काही विचारलं होतं का, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही. मी एकदा विचारलं तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले.

तर अशा घरातले बाबा. शाळामास्तर, आणि मंडळीचे पंच. पंच म्हणजे पाळकसाहेबांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, खालोखाल मान. कोणाचं लग्न लावायचं, कोणाला शिस्तीखाली ठेवायचं, कोणाला प्रभुभोजन द्यायचं आणि कोणाला नाही, हे पंच बसून ठरवायचे. बाबांना दुसरं व्यसन नव्हतं.

आत्या त्यांची धाकटी बहीण. नवरा साप चावून गेला तेव्हा ती लहानगी मुलगी कडेवर घेऊन आमच्याकडे आली आणि मागच्या खोलीत राहिली. मोठे हात, मोठं हसू, आणि पोटात कुठलीही गोष्ट न टिकणारी बाई. तिला गुपित सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. आई तिच्यावर सारखी चिडायची, आणि तिच्यावाचून आईचं पानही हलायचं नाही.

मंडळीचंही हलायचं नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी पावाचा तुकडा आणि प्याल्यातला घोटभर रस देतात, आमच्यासाठी त्याहून मोठं काही नाही. द्राक्षाचा रस त्या काळी भंडारा जिल्ह्यात कुठून आणायचा? काळ्या मनुका आणून रात्री भिजत घालायच्या, मंद विस्तवावर उकळायच्या, हातानं कुस्करून पातळ कापडातून गाळायच्या. दुसऱ्या बायकांचा रस एकतर पाणचट व्हायचा नाहीतर जळका लागायचा. आत्याचा दाट व्हायचा, रंग असा की प्याला पाहूनच माणूस गप्प व्हावा. ती आली त्या वर्षापासून ते काम तिचंच झालं.

आणीबाणी उठली होती आणि लोक पुन्हा चारचौघांत मोठ्यानं बोलू लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. आत्याच्या मुलीला गोवर आला. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे चिकटलेले, पाणीही पोटात ठरेना. डॉक्टर भंडाऱ्याला, आणि रस्ता पावसानं तुटलेला. पाळकसाहेब येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. बाबा गुडघ्यावर बसून होते. आत्या मुलीच्या तोंडाकडे पाहत होती.

कुंपणापलीकडे एक शेतकरी बाई राहायची, आम्ही तिला काकू म्हणायचो. ती ताक घेऊन आली, मुलीकडे पाहिलं आणि आत्याला बाजूला ओढून म्हणाली, "बाई, पोट्टी हातची चालली तुही. मातामायले कोंबडी कबूल कर."

"आमच्यात नाई चालत वो."

"मी कुठं तुले पूजा कर म्हणतो? नुसती कबूल कर. तुह्या देवाले सांगू नको, झालं."

मी तिथंच चुलीपाशी होते. बाबा प्रार्थना करून थकून ओसरीवर आडवे झाले होते. आत्यानं मागच्या दाराचा अडसर काढला, उंबऱ्यात उभी राहून पाळीवरच्या दगडांकडे हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. मग अडसर पुन्हा होता तसा घातला. सगळं एवढं झटकन झालं की मला वाटलं ती केर टाकायला गेली होती.

मुलगी वाचली. कशानं वाचली ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पुढच्या रविवारी मंदिरात उपकारस्तुती झाली. बाबांनी उभं राहून देवाचे आभार मानले. आत्याही उभी राहिली आणि रडली.

पण आता अंगणात ती कोंबडी होती. ठिपक्यांची, चांगली भरलेली. कबूल केलेलं जनावर विकत नाहीत आणि कापून घरी खात नाहीत, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. ख्रिस्ती झालो म्हणून असल्या गोष्टी अंगातून लगेच जात नाहीत, त्यांना दोन-तीन पिढ्या लागतात. दगडापुढे नेऊन द्यावी तर बाबा घरात घेणार नाहीत. न द्यावी तर दिलेला शब्द मोडला. आत्या कोंबडीला दाणे टाकायची आणि विचारात पडायची. आईला वाटायचं कोंबडी आजारी आहे.

पीक घरात आलं आणि आमचा हंगामाचा सण आला. पहिल्या पिकातलं देवाला द्यायचं, अशी रीत. धानाच्या पेंढ्या, भोपळे, वालाच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीपुढे मांडायचं, आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव. त्या वर्षी आत्यानं ठिपक्यांची कोंबडी आणली. एवढ्या आनंदानं तिनं ती वेदीपुढे ठेवली की पाळकसाहेबांनी खास तिचा उल्लेख केला, विधवेचं दान म्हणून. लिलावात बाबांनी बोली चढवत नेली, कोंबडी घेतली आणि सगळ्यांसमोर पाळकसाहेबांना भेट दिली. पंचांनी असं करायचं असतं. पाळकसाहेबांनी लगेच पंचांना दुसऱ्या दिवशीचं जेवणाचं आमंत्रण दिलं. पाळकीणबाई माहेरी गेलेल्या, तेव्हा रांधायला कोण? अर्थातच आत्या. मी तिच्या हाताखाली.

पाळकसाहेब नगरकडचे. भाषा शुद्ध, कपडे शुभ्र, आणि आमच्या झाडीपट्टीच्या माणसांकडे ते नेहमी थोडं वरून पाहायचे. नव्या तांदळाचा भात, तिखट रस्सा. त्यांनी आशीर्वाद मागितला आणि सगळे जेवायला लागले. पाळकसाहेब, बाबा, आणि घंटा वाजवणारा म्हातारा, तोही पंचच. बाबांच्या ताटात तंगडी होती. पाळकसाहेब दुसऱ्यांदा रस्सा घेत म्हणाले, "बाई, असा स्वयंपाक मी या जिल्ह्यात खाल्ला नव्हता."

आत्याच्या पोटात ते राहणारच नव्हतं. ती पळी हातात घेऊन हसत म्हणाली, "गोड लागनच साहेब. कबूल केलेली कोंबडी हाये ते."

"कबूल केलेली म्हणजे? कोणाला?"

मग तिनं सगळं सांगितलं. मुलगी कशी बिमार होती, काकू काय म्हणाली, अडसर कसा काढला. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. उलट तिला वाटत होतं की आपण मोठी करामत केली. "मातामायले कबूल केली होती. मंग म्या म्हटलं, तिकडं कायले द्याची? आपल्या देवालेच देऊ. मातामायच्या हातची काढून आणली साहेब. देवालेच देली न?"

कौतुकाची वाट पाहत ती उभी होती. बारक्या पोरीनं पाटी पुढे करावी तशी.

मूर्तीच्या नावचं खाणं आमच्यात पाप. पाळकसाहेब ताटावरून उठले. घराच्या मागे गेले आणि घशात बोटं घातली. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. बाबांनी अर्धी खाल्लेली तंगडी ताटात ठेवली आणि हात धुवायला जे गेले ते किती वेळ धूतच राहिले. घंटावाला म्हातारा एकटा राहिला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, "आता शिजलीच हाये तं," म्हणाला आणि भाताला रस्सा लावून घेतला. सकाळीच त्यानं मोहाची घेतली होती, वास दारापर्यंत येत होता.

आत्या मला हळूच म्हणाली, "काय झालं वो? तिखट झालं काय?"

घरी अंगणात पोचल्यावर बाबांनी आत्याच्या मुलीसमोर तिला विचारलं, "आपला थोरला भाऊ कायले मेला मंग?" आत्याला उत्तर सुचलं नाही. मला आज सुचतं, पण बाबा नाहीत.

पंच बसले. आत्याला शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे मंदिरात यायचं, पण मागच्या बाकावर, दाराजवळ, एकटीनं. आणि प्रभुभोजन बंद. नाताळाआधीच्या शुक्रवारी तयारीची उपासना असते. शिस्तीखालच्या माणसानं त्या दिवशी सर्वांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं, पश्चात्ताप दाखवायचा, की नाताळाला त्याला पुन्हा पंगतीत घेतात. ही पद्धत जुनी आणि सोपी होती. घंटावाला म्हातारा दर वर्षी तिथं उभा राहायचा, दारूला पुन्हा शिवणार नाही म्हणायचा, त्याला क्षमा मिळायची, आणि नाताळाच्या संध्याकाळी तो मंदिराच्या पायरीवर आडवा पडलेला असायचा. त्याचं कोणाला काही वाटत नसे. त्यानं सगळं रीतसर केलेलं असायचं.

आत्याही रीतसर उभी राहिली. "चुकलं माझं. देवानं माफ करावं, मंडळीनं माफ करावं," असं तिला शिकवलं होतं तसं म्हणाली, आणि खरंच रडली. तिथं ते संपायला हवं होतं. पण पाळकसाहेबांच्या घशातून ती कोंबडी अजून पुरती बाहेर आली नसावी. त्यांनी विचारलं, "बाई, तुमची मुलगी पुन्हा तशीच मरणाला टेकली, तर तुम्ही पुन्हा नवस कराल का?"

उत्तर समोर पडलेलं होतं. फक्त उचलायचं होतं. मंदिरातल्या कुठल्याही माणसानं ते डोळे मिटून उचललं असतं. आत्यानं मात्र विचार केला. मी तिच्याकडे पाहत होते म्हणून सांगते, तिनं खरोखर डोळ्यांसमोर आणलं. तापलेलं अंग, चिकटलेले डोळे. मग बायकांच्या बाजूला बसलेल्या मुलीकडे पाहून ती म्हणाली, "मरत असन तं करीन साहेब."

पाळकसाहेब म्हणाले, "बसा." ती मागच्या बाकावर जाऊन बसली. नाताळाला पाव आणि प्याला तिच्यापर्यंत आले आणि वळून गेले. रस तिनंच केलेला होता. तिच्या हातचा रस मंडळीला चालत होता, तिचं तोंड चालत नव्हतं. याची कोणाला लाज वाटल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तोच शुक्रवार, तोच प्रश्न, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही. हळूहळू त्या शुक्रवारला गर्दी व्हायला लागली. एरवी रविवारी न दिसणारी माणसं त्या दिवशी स्वेटर घालून हजर. साकोलीकडची पाहुणेमंडळी मुद्दाम एक दिवस आधी यायची. बाई या वर्षी काय म्हणते, यावर बायका दळताना बोलायच्या. तिनं 'करीन' म्हटलं की मंदिरातून एक सुस्कारा निघायचा. त्यात दुःख किती आणि मजा किती हे मला लहानपणीही कळायचं. माणसाला स्वतःचं पाप सोसवत नाही, पण दुसऱ्याचं पाप समोर बसवून ठेवलं की कसं हलकं वाटतं. आमची मंडळी आत्यामुळे फार हलकी झाली होती.

काकूला हे सगळं कुंपणावरून कळायचं. एकदा ती म्हणाली, "तुमचा देव लय चिडका हाये वो बाई. आमच्या मातामायची कोंबडी गेली, तरी ते काई बोलली नाई." आत्या हसली. मग म्हणाली, "देव नाई चिडला वो. देवाले सारं माहीत हाये." हे ती इतक्या भरवशानं म्हणाली की काकूनं विषय बदलला. आत्याचा विश्वास कधी डळमळला नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. डळमळला असता तर तिनं एक दिवस त्या बाकाला लाथ मारली असती.

बाबा तिला साडी आणायचे, तिच्या मुलीची पुस्तकं आणायचे, तिच्या औषधाला सायकल मारत जायचे. आणि दर वर्षी नाताळ जवळ आला की तिच्या खोलीच्या दारात उभे राहायचे.

"एक शब्द वो. 'नाही' म्हण. झालं."

"दादा, देवाच्या घरात खोटं कसं बोलू?"

"खोटं कोण म्हणते? मनातून नाही म्हण."

"मनातून नाई येत."

"आपल्या बापानं पोरगा देला. तुले एक शब्द देता येत नाही?"

आत्या मनुका निवडत राहायची. बाबा घरात येऊन आईवर कशावरून तरी ओरडायचे.

नगरकडचे पाळकसाहेब बदलून गेले. दुसरे आले, मग तिसरे आले. प्रश्न मात्र गेला नाही. आलेल्या प्रत्येक पाळकाला बाबा पहिल्या आठवड्यात सगळी हकिकत सांगायचे आणि प्रश्न हातात द्यायचे. सोडला असता तर इतकी वर्षं चुकीचा विचारला असं झालं असतं. पंचाच्या बहिणीला सूट मिळाली असंही झालं असतं. त्यांनी स्वतःच्या न्यायीपणासाठी बहीण वापरली. असं लिहिताना मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.

ख्रिस्ताबद्दल मला काही तक्रार नाही. त्याच्यासमोर एका बाईला दगड मारायला माणसं आली होती, आणि ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा, एवढं तो म्हणाल्यावर ती माणसं एकेक करून निघून तरी गेली, म्हातारे आधी. आमच्याकडे म्हातारे पहिल्या बाकावर बसून राहिले. मी अजून उपासनेला जाते. प्याला हातात आला की पिते. पण शेजारी कोण बसलंय हे पाहत नाही, कारण पाहिलं की मला माणसांचा वीट येतो.

या सगळ्यात एक मुलगी मोठी होत होती. रविवारच्या शाळेत पोरं तिच्यामागे कोंबडीसारखी कुकुड कुकुड करायची. ती वळून दगड मारायची, मग बाबा तिला मारायचे. आईनं आपल्यासाठी काय केलं हे तिला सगळे सांगायचे, पण चांगलं म्हणून कोणी सांगितलं नाही. ती गोरी, रेखीव, अबोल निघाली. आईच्या शेजारी मागच्या बाकावर बसायला तिनं बारा-तेराव्या वर्षीच नकार दिला. शुक्रवारच्या उपासनेला ती डोकं दुखतं म्हणून घरी राहायची. एकदा मी तिला म्हटलं, "आई तुझ्यासाठीच उभी राहते गं." ती म्हणाली, "मी म्हटलं होतं काय तिले?" मला तिचा राग आला होता. आता तो राग उरलेला नाही. जन्मभर उपकाराखाली दाबून ठेवलेल्या पोरीनं दुसरं काय म्हणावं?

माझं लग्न होऊन मी जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहायला गेले. नवरा फॅक्टरीत. आत्याच्या पोटात गाठ निघाल्याचं मला तिथंच कळलं. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं, पुन्हा शिवलं आणि घरी न्या म्हणाले. मी पोचले तेव्हा ती मागच्या खोलीत खाटेवर होती. मोठे हात तेवढे ओळखू येत होते.

त्याच दिवसांत मुलीला स्थळ आलं होतं. बालाघाटकडचं घर, मुलगा नोकरीला, बाप उपदेशक. मुलगी त्यांना पसंत होती. पण बापानं निरोप पाठवला होता की आई शिस्तीखाली मेली तर ते घर आम्हाला चालणार नाही, आधी ते मिटवा. एवढंच होतं. आत्याला पाव मिळाला तर मुलीचं लग्न, नाही तर नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि आत्यालाही. त्या मुलाचा फोटो मुलीनं उशीखाली ठेवलेला मी पाहिला होता.

उन्हाळ्याची दुपार होती. बाबा पाळकसाहेबांना घेऊन आले. नवे पाळक, तरुण, बिचारे घामानं निथळत होते, एका हातात कापडानं झाकलेला पाव, दुसऱ्यात प्याला. त्यांना हे नको होतं हे दिसत होतं. खाटेशी बसून ते बाबांना हळूच म्हणाले, "मास्तर, अशा अवस्थेत विचारायलाच हवं का? सरळ देऊन टाकतो."

बाबा म्हणाले, "नियम नियम आहे साहेब. उद्या लोक म्हणतील पंचाची बहीण होती म्हणून दिलं. बालाघाटवालेही म्हणतील."

मी म्हटलं, "बाबा, पुरे करा." बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला. इतक्या हळू आवाजात की आत्याला तो ऐकू आला नसता तरी चाललं असतं, कारण तो तिला पाठ होता. तुमची मुलगी मरणाला टेकली तर पुन्हा कराल का?

आत्याचे ओठ कोरडे पडले होते. मुलगी उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होती. तिनं पंखा खाली ठेवला.

"आई, नाही म्हण."

आत्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"म्हण न आई. सारी जिनगी तू माह्यासाठी केलं म्हणतेत. आता हे माह्यासाठी म्हण. एवढं म्हण, मंग काई मागत नाई."

"तुह्यासाठी म्हणू?" आत्यानं विचारलं.

"हाव. माह्यासाठी."

बाबांचे ओठ हलत होते, ते प्रार्थना करत होते. आत्या मुलीकडेच पाहत होती, त्या पहिल्या शुक्रवारी पाहिलं होतं तसं, सगळं डोळ्यांसमोर आणून. आणि मग तिनं उत्तर दिलं. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागत होतं. पण तिला अर्धवट बोलता येत नव्हतं, खोटंसुद्धा ती पूर्ण बोलली.

"नाई करीन साहेब. मेली तं मरू देईन."

"आमेन," बाबा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. इतका आनंदी माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. "वाचली साहेब, माही बहीण वाचली."

तरुण पाळकांनी पावाचा कण तिच्या जिभेवर ठेवला आणि प्याला ओठांना लावला. थोडा रस गळ्यावर ओघळला. मुलीनं तो पदरानं टिपला. तिच्या तोंडावर सुटका होती, आणि मी ती पाहिली हे तिला कळलं म्हणून ती उठून बाहेर गेली.

त्यानंतर आत्या काही दिवस होती. मंडळीतली माणसं भेटायला यायची, अभिनंदन केल्यासारखं बोलायची, खाटेशी गायची. ती कोणाला ओ देत नव्हती. मला वाटलं ग्लानी असेल. पण मी पाणी पाजायला गेले की ती डोळे उघडून माझ्याकडे बघायची, माझा हात धरायची. काकू कुंपण ओलांडून आली तेव्हा तर हसलीही. मुलगी रात्रंदिवस उशाशी होती, तिचं सगळं करत होती, मनापासून करत होती. ती चमच्यानं पाणी घेऊन जवळ आली की मात्र आत्या डोळे मिटून घ्यायची आणि मिटलेल्या डोळ्यांनीच पाणी प्यायची.